दोन बोटं नळी

हे मी बायकोलाही सांगितलेलं नाही. तुम्हाला का सांगतोय — ते मलाही नीट ठाऊक नाही. उद्या हेच मोठ्यानं बोलायचं आहे, म्हणून आधी जीभ सैल करून घेतोय, असं समजा.

हुबळीत आमच्या वस्तीचा बँड आहे. जयंतीच्या मिरवणुकीचं आमच्याशिवाय पान हलत नाही — निदान आम्हाला तसं वाटतं! आणीबाणीच्या आधीची गोष्ट. मुख्य ट्रंपेट मलाच मिळणार, असं मी धरून चाललो होतो. तेवढ्यात यल्लप्पा आला. रेल्वेच्या वर्कशॉपात कामाला, शिक्षण बेताचं, पण एकदा ऐकलेलं गाणं जसंच्या तसं वाजवणारा. मी जळलो. दुसरा शब्द कशाला शोधू?

ट्रंपेटला सूर जुळवायची एक सरकती नळी असते. बाहेर ओढली की सूर उतरतो. नव्या माणसाला हे कुठून माहीत असणार? वाद्यं पेटीतून काढून द्यायचं काम माझ्याकडे होतं. निवडीच्या दिवशी त्याच्या हाती ट्रंपेट देण्याआधी मी — हो, मीच — नळी दोन बोटं बाहेर ओढली.

बिचारा फुंकून फुंकून लाल झाला, पण त्याचा एकही सूर बाकीच्या बँडशी जुळेना. बँडच्या म्हाताऱ्या मास्तरांचे डोळे अधू, ओढलेली नळी त्यांना दिसली नाही. ते म्हणाले, "कान न्हाई रे तुला." यल्लप्पानं ते खरं मानलं आणि गळ्यात मोठा ढोल अडकवला. तेव्हापासून तो माझ्या मागे ढोल वाजवतोय, आणि माझ्या गाण्यांना पहिली दादही त्याचीच असते. मला झोप कशी लागायची, विचारता? छान लागायची, याचीच आता लाज वाटते.

आता मास्तर मी आहे. यंदा जयंतीच्या तयारीला यल्लप्पाची लेक सुजाता ट्रंपेट वाजवायला आली, आमच्या बँडमधली पहिली मुलगी. परवा तिचा एक सूर चुकला, तर ढोलामागून यल्लप्पा हसत म्हणाला, "सोडा की मास्तर. आमच्या घरात कुणालाच कान न्हाई." पोरीनं ट्रंपेट खाली ठेवलं. माझं खोटं आता तिच्याही वाट्याला चाललं होतं. मी ट्रंपेट उचलून तिच्या हातात दिलं, पुन्हा वाजव म्हटलं. या वेळी सूर लख्ख लागला. सगळे तिच्याकडे बघत राहिले, आणि मला फार बरं वाटलं.

उद्या तालमीला यल्लप्पाच्या गळ्यातला ढोल मी उतरवून घेणार आहे. सगळ्यांसमोर नळी दोन बोटं ओढून ट्रंपेट त्याच्या हातात देईन, वाजव म्हणेन. मग नळी आत सारून पुन्हा वाजव म्हणेन. त्या दिवशी ती कुणी ओढली होती, तेही सांगेन. पुढं तो काय बोलेल, ते त्यानं ठरवायचं.