पास्कूची दाढी

हे माझ्या तोंडून आजवर कोणी ऐकलेलं नाही. बायकोनेही नाही — आणि ती तर माझं अर्धं बोलणं मी तोंड उघडायच्या आधीच ओळखायची. ती गेली त्या दिवशी माझ्या मनात काय आलं, सांगू? आता विचारणारं कोणी उरलं नाही, सुटलो. लिहिताना लाज वाटते, पण आलं होतं खरं.

भाईंदरला राहतो मी, एकटाच. दिवसदिवस कोणाशी बोलणं होत नाही. तरी रोज सकाळी दाढी करतो, अगदी गुळगुळीत. शेजारचे शहाभाई लिफ्टमध्ये चिडवतात, "अंकल, किसको देखने जा रहे हो?" मी हसून म्हणतो, सवय आहे. ते खोटं नाही.

समुद्रात तेलाच्या विहिरी खोदतात ना, त्या रिगवर मी गॅसवाला होतो. सिलिंडरचा गॅस नव्हे — हायड्रोजन सल्फाइड. खोदता खोदता कधी तो जमिनीच्या पोटातून वर येतो. थोडा असला तर सडक्या अंड्यांचा वास येतो. जास्त असला तर वासच येईनासा होतो, कारण आधी नाक मरतं. मग माणूस. म्हणून भोंगा वाजला की पहिलं काम म्हणजे पाठीवर हवेची टाकी आणि तोंडावर मास्क. आणि मास्क घट्ट बसायचा तर गालावर खुंटही चालत नाहीत. केसांच्या फटीतून टाकीतली हवा निसटते आणि गॅस आत शिरतो. रिगवर उतरलेल्या प्रत्येकाला मास्क चढवून बघायचा, दाढीवाल्याला थांबवायचं, हे माझं काम. फार अवघड होतं का?

पास्कू भाईंदरजवळच्या उत्तन कोळीवाड्यातला. घरची होडी सोडून हा रिगवर आला होता. विहिरीतून वर येणारा चिखल जिथे चाळतात तिथे त्याची ड्युटी, आणि गॅस पहिल्यांदा वर येतो तो तिथेच. मला तो मास्तर म्हणायचा, कारण गॅसचे धडे मी द्यायचो. दर खेपेला माझ्यासाठी सुके बोंबील आणायचा. त्या खेपेला तो दाढी वाढवून आला. मुलीच्या हृदयाचं ऑपरेशन व्हायचं होतं. ती चालत घरी येईपर्यंत वस्तरा लावणार नाही, असा तो सायबिणीला, म्हणजे त्यांच्या मरियम मातेला, नवस बोलला होता.

गॅस आला तो भर दुपारी. भोंगा वाजला, सगळ्यांनी मास्क चढवले, विहीर बंद केली गेली, आलेला गॅस बाजूला नेऊन जाळला. सगळं पुस्तकात लिहिल्यासारखं झालं. फक्त पास्कू चाळणीपाशी पडलेला सापडला, तोंडावर मास्क असूनही. जोडीदाराने ओढून काढला म्हणून वाचला. हात मात्र कायमचे थरथरायला लागले, आणि त्या सगळ्या आठवड्याची आठवण पुसून गेली.

चौकशीत मला विचारलं, दाढी असताना हा माणूस तिथे कसा? मी म्हणालो, मी त्याला काढायला सांगितलं होतं. त्याने ऐकलं नाही.

खरं काय होतं? खरं हे, की त्याने मला विचारलं होतं. मास्क घालून बघताना, आपणहून. "मास्तर, काढू का दाढी? तुमी बोलाल तसा." सायबीण समजून घेईल, असंही म्हणाला. आणि मी — मी म्हणालो, राहू दे रे, या विहिरीत कुठला आलाय गॅस! त्याच्या गालापाशी हवा निसटत होती, फुस्स आवाज येत होता. मी तो ऐकला. ऐकूनही मास्क काढून पुढच्याला हाक मारली. वर स्वतःचं कौतुक — केवढा मी मोठ्या मनाचा! हलवायाच्या घरावर तुळशीपत्र.

त्याला कामावरून काढलं. सांगूनही न ऐकणारा माणूस पुन्हा कुठल्या रिगवर कोण घेणार? मी निवृत्तीपर्यंत टिकलो. एवढ्यावर थांबलो असतो तरी... नाही थांबलो. पुढे प्रत्येक नव्या तुकडीला मी त्याचीच गोष्ट सांगायचो. उत्तनचा एक होता, लाख सांगितलं, ऐकलं नाही, बघा काय झालं. पोरं गंभीर व्हायची. गोष्ट छान रंगायची माझी.

मागच्या महिन्यात बस पकडून उत्तनला गेलो. सांगायचं ठरवूनच गेलो होतो. अंगणात बांबूंवर बोंबील वाळत होते आणि खुर्चीत बसलेल्या पास्कूची दाढी त्याची मुलगी करत होती. तीच मुलगी, आता चांगली उंच, धडधाकट. त्याचे हात वस्तरा धरू शकत नाहीत. मला बघून त्याचा चेहरा फुलला. "ह्ये मास्तर," तो तिला म्हणाला, "यांनी सांगितला होता, मीच न्हाय आयकला." मग थरथरता हात माझ्या हातावर ठेवून म्हणाला, "माझ्यापायी तुमाला चौकशीला उभा राहावा लागला. माफ करा." माझी माफी मागत होता तो! मुलगी म्हणाली, पप्पा तुमचं नाव रोज काढतात, म्हणून तर रोज दाढी करून घेतात.

तेव्हा तरी बोलायचं होतं ना? तोंड उघडलंही होतं मी. तेवढ्यात तिने टॉवेलने त्याचा चेहरा पुसला आणि त्याने गाल माझ्यापुढे केला.

"बघा मास्तर, आता बसेल ना मास्क?"

मी जुन्या सवयीने त्याच्या गालावरून नजर फिरवली. म्हणालो, बसेल. आणि तिने दिलेली बोंबलांची पिशवी घेऊन घरी आलो.