बंद खोलीतले शेवाळ आणि मॅडमनी मागे घेतलेला निबंध

डॉ. शालिनी गांगुर्डे यांना मी प्रथम पाहिले ते नाशिकच्या आमच्या महाविद्यालयाच्या पोर्चमध्ये. कोकणच्या किनाऱ्यावरून आणलेले हिरवे शेवाळ गाडीतून उतरवताना त्यांची साडी खाऱ्या पाण्याने भिजली होती. "मॅडम, नाशकात समुद्री शेवाळाचं काय काम?" मी विचारले. त्या हसल्या. "समुद्र दिसला नाही, ऊन दिसलं नाही, तरी त्याला दिवस-रात्र कळते का, ते बघायचंय." या एका वाक्यापायी मी त्यांची विद्यार्थिनी झाले.

आम्ही शेवाळ बंद खोलीत अखंड मंद प्रकाशात ठेवत असू. तरीही ते दिवसा जास्त प्राणवायू सोडी, रात्री कमी. त्याचे घड्याळ त्याच्या आतच आहे, असा शोधनिबंध आम्ही प्रसिद्ध केला. पुढे खोली आवरताना कपाट सरकवले, तर मागे बुजवलेल्या खिडकीला फट! दिवसाचे ऊन तिथून आत येत होते. म्हणजे शेवाळ कदाचित त्या उन्हानुसारच वागत असेल. मॅडमना सांगताना रडूच कोसळले. त्यांनी फटीसमोर हात धरला. तळहातावर उजेडाची रेघ उमटली.

"बरं झालं, तूच शोधलंस," त्या म्हणाल्या. "निबंध मागे घेऊ."

संपादकांना त्यांनी त्याच दिवशी पत्र लिहिले. 'खोली तपासण्याची जबाबदारी माझी होती' एवढेच त्यात होते. माझे नाव कुठेही नव्हते. पुढच्याच आठवड्यातील परिषदेत त्यांनी उभे राहून हेच सांगितले. काहीजण हसले. अंबडच्या कारखान्यात काम करणाऱ्या माझ्या वडिलांना वाटले, पोरीचे शिक्षण संपले. मॅडम आमच्या घरी आल्या. "दादा, हिनं चूक लपवली नाही. अशी विद्यार्थिनी मी सोडणार नाही."

फट बुजवून आम्ही सगळे प्रयोग पहिल्यापासून केले. वर्ष गेले. शेवटी आलेख हाती आला, तर त्यावर तोच चढ, तोच उतार.

"मॅडम, आहे! घड्याळ आतच आहे!"

त्यांनी चष्मा काढला, डोळे पुसले, मोठा श्वास सोडला. "हुश्श! आता चहा सांग." वर्षभर त्यांनाही धास्ती होती, हे मला तेव्हा कळले.

मॅडम आता साठ वर्षांच्या होत आहेत. त्यांची प्रकृती उत्तम राहो, आणि ओहोटीला खडकांवरून त्यांच्या मागे चालताना आम्हा तरुणांची दमछाक अजून पुष्कळ वर्षे होत राहो.