चिमटीतला ठेका

हे मला नीट सांगता येईल की नाही, याचीच शंका आहे. त्या शिमग्यात पालखीपुढे जे घडलं ते मी स्वतःच्या डोळ्यांनी पाहिलं, तरी डोक्यातला गुंता अजून सुटलेला नाही.

श्रीवर्धनच्या खाली समुद्राकाठी आमचं गाव. देवीच्या पालखीपुढे ढोल वाजवायचा मान आमच्या घराचा, वाजवायचे आमचे हे. त्या थंडीत यांना मुदतीचा ताप आला आणि उतरताना दोन्ही कान घेऊन गेला. आगबोटीने मुंबईला नेलं. तिथल्या डॉक्टरांनी कानात नळी घालून पाहिलं आणि नुसती मान हलवली. परतताना हे बोटीच्या कठड्याला धरून बसले होते आणि मी मनातल्या मनात देवीशी भांडत होते. कान न्यायचे होते, तर ढोल तरी कशाला ठेवलास घरात, असं मी तिला सरळ विचारलं. माझी जीभ पहिल्यापासून तिखट. देवीपुढे तरी ती गोड कुठून होणार?

होळीआधी तालमी सुरू झाल्या. यांना वाटायचं, जमतंय. ढोलाचा हादरा छातीत लागायचा, त्यावर वाजवायचे. पण झांजा ऐकू येत नव्हत्या, म्हणून हे पुढे पळायचे. मानकऱ्याला चूक सांगायची कशी, या संकोचापायी कोणी बोलेना. उलट बाकीचे सगळे आपला ठेका मोडून यांच्यामागे फरपटत. शेवटी माझे चुलतदीर घरी आले.

"वैनी, पालखी नाचताना असं झालं तर खांदेकऱ्यांचा पाय चुकंल. देवी खाली यायची. दादाला तुमीच सांगा."

मी खुणेने सांगितलं. हे जेवणावरून उठले आणि यांनी ढोल काढून दिराच्या हातात दिला. त्यानंतर हे घरात असून नसल्यासारखे झाले. ना शेताकडे लक्ष, ना माझ्याकडे. मान दिराकडे गेला याचं मला काही नव्हतं. माणूस हातचा जातो की काय, ही भीती होती.

सहाण म्हणजे पालखी टेकवायचा चौथरा. त्याच्यापुढे रांगोळी घालायचं काम माझं. पालखीच्या दिवशी मी यांनाही ओढत नेलं, तर हे लांब पारावर पाठ करून बसले. मी ठिपके टाकायला लागले, पण मन ठिकाणावर नव्हतं. मागे दीर वाजवत होते, झांजा चालू होत्या. थोड्या वेळाने खाली बघते तर काय, एक ठिपका ठळक, मग काही बारीक, मग मोकळी जागा, पुन्हा बारीक, पुन्हा ठळक. ओळच्या ओळ तशीच. शेजारच्या बायका हसायला लागल्या. मला रडू फुटलं. पुसायला हात पुढे केला, तेवढ्यात सुक्या मासळीची पाटी डोक्यावर घेतलेली एक बाई समोर उभी राहिली.

"पुसू नको गो. वाजतंय त्ये."

"काय वाजतंय?"

"ठोका जोराचा पडला तिथं तुझी चिमूट मोठी पडलीय. बघ की. घरधन्याला दाव."

मी पाहिलं. खरंच होतं. जोराच्या ठोक्याला ठळक ठिपका, हलक्याला बारीक, आणि ढोल गप्प राहिला तिथे जमीन कोरी. मान वर केली तर बाई गर्दीत दिसेना. घरधन्याचं मी तिला काहीच बोलले नव्हते. पुढे कोळीवाड्यातही विचारून आले. अशी बाई कोणाला आठवेना. आता ती कोण होती म्हणायचं? मला ठाऊक नाही.

यांना हाताला धरून आणलं. आधी वैतागले. मी खाली बसून झांजांबरोबर चिमूट सोडत राहिले. हे बघत राहिले, आणि मग यांची बोटं मांडीवर पडायला लागली, बरोब्बर झांजेवर. दिरांनी आपल्या गळ्यातला ढोल काढून यांच्या गळ्यात घातला. डोळे माझ्या हातावर ठेवून हे वाजवायला लागले. ठेका कुठेच पळाला नाही.

पण पालखी उठली आणि मला धडकी भरली. नाचणाऱ्या पायांखाली रांगोळी बघता बघता पुसली गेली. गर्दीने मला पार मागे देवळाच्या भिंतीशी लोटलं. यांना आता ना ठिपके दिसत होते, ना मी. मी दोन्ही मुठी पदरात घट्ट आवळल्या. आता पाय चुकणार, आता पालखी कलंडणार. तरी ठेका चालूच होता. पालखी डोलत होती, खांदेकरी घामाने निथळत होते आणि हे डोळे मिटून वाजवत होते. देवी सुखरूप सहाणेवर टेकली तेव्हा कुठे माझ्या मुठी सुटल्या.

घरी आल्यावर यांनी पोटभर भात खाल्ला. मी खुणेने विचारलं, रांगोळी पुसल्यावर कसं वाजवलंत?

"पुसली तरी तुझा हात दिसत व्हता की," हे म्हणाले. "शेवटपातुर चिमूट सोडीत व्हतीस."

माझ्या मुठी तर तेव्हा पदरात होत्या. ताट उचललं आणि आत जाऊन खूप रडले. यांचे कान परत आले नाहीत, ते मागायचंही मी सोडलं. यांना कोणाचा हात दिसला हे मला कळलेलं नाही, आणि आता कळलंच पाहिजे असाही हट्ट उरला नाही. फक्त देवळात गेले की पूर्वीसारखी देवीच्या मुखाकडे बघत नाही. तिच्या हाताकडे बघते.