सुपारीच्या नवरीची भुवई

आमच्या वाडीत विहिरीला लागून एक माड आहे. बाकीचे सगळे माड समुद्राकडे झुकलेले, हा एकटा पट्टीने आखल्यासारखा सरळ. नारळ उतरवायला येणारा पाडेली दर खेपेला त्याच्या बुंध्यावर थाप मारतो आणि म्हणतो, "आजी, असा सरल माड अख्ख्या गावात न्हाय."

"नसणारच. माझी औषधं खाल्लीत त्याने."

तो हसतो. त्याला वाटतं, म्हातारी शेणखताबद्दल बोलतेय. मी खरंच औषधांबद्दल बोलत असते.

झालं होतं असं. चाळिशीला आले तेव्हा माझी बोटं सकाळी मिटेनाशी झाली. मिटली तर उघडेनात. डॉक्टर म्हणाले, हा संधिवात जन्माचा सोबती आहे, गोळी आठवड्यातून एकदाच घ्यायची, पण सोडायची नाही. काही महिने गोळ्या घेतल्या आणि दुखणं असं पळालं, की मी स्वतःच स्वतःला बरी झाल्याचा दाखला दिला. ती चाळिशीतली बाई, काय तिचा तोरा! "आम्ही वाडीत राबणारी माणसं, आम्हाला नाही असले रोग चिकटत," असं ती कमरेवर हात ठेवून शेजारणीला सांगायची. उरलेल्या गोळ्या मात्र टाकवेनात. विकत आणलेली वस्तू उकिरड्यावर टाकायची आमच्याकडे रीत नाही. मग तिने त्या नुकत्याच लावलेल्या माडाच्या आळ्यात पुरल्या आणि वर दोन तांबे पाणी घातलं.

माड सरळ वाढला. माझी बोटं समुद्राकडे झुकली.

अक्कल आली तोवर बोटांची वळणं कायमची झाली होती. पुन्हा गोळी सुरू केली ती आजतागायत, दर शनिवारी. आता मी सत्तरी ओलांडली आहे, आणि इतकी वर्षं मी शहाण्यासारखी वागले असं लिहायला मला आवडलं असतं. पण मागच्या माघात नातीचं लग्न निघालं.

आमच्याकडे मुलीच्या लग्नात मांडवात रुखवत मांडतात, घरच्या बायकांनी हाताने केलेल्या वस्तूंची आरास. माझ्या रुखवतातली वस्तू ठरलेली असते: सुपारीची वरात. आमच्याच पोफळींची सुपारी. एक सुपारी डोकं, एक सुपारी धड, काड्यापेटीच्या काड्यांचे हात. भटजीला दोऱ्याचं जानवं, करवल्यांना चिंध्यांची लुगडी, वाजंत्र्यांना जिलेटीनचे फेटे, आणि सगळ्यांत शेवटी, सगळ्यांत बारीक कुंचल्याने, तोंडं. बाकी कोणीही करावं, तोंडं रंगवावीत ती मीच, असा माझा लौकिक होता. लौकिक म्हणजे मीच उठवलेला. एकदा माझ्या धाकट्या जावेने हौसेने चार करवल्यांचे डोळे रंगवले, तर मी तिच्या पाठीमागे ते पुसून पुन्हा काढले होते. मांडवात तिने बघितलं, ओळखलं, आणि पुढे कधी माझ्या कुंचल्याला हात लावला नाही. त्या वेळी मला वाटलं होतं, बरं झालं.

नात सात वर्षांची असताना ओटीवर माझ्या शेजारी बसून सुपाऱ्या निवडायची. तेव्हाच तिने माझ्याकडून वचन घेतलं होतं की तिच्या लग्नात पंचवीस माणसांची वरात हवी, आणि तिची नवरी मीच रंगवायची. पुण्याहून फोनवर तिने त्याची आठवण केली नाही. उलट म्हणाली, "आजी, हात दुखत असतील तर राहू दे. पनवेलला हल्ली आख्खं रुखवत भाड्याने मिळतं."

"नवराही मिळतो का बघ भाड्याने," मी म्हटलं. "तोही परत करता येईल."

ती खदखदून हसली. मी फोन ठेवला आणि हाताकडे बघितलं. हा हात पंचवीस तोंडं रंगवेल का, हे मला ठाऊक नव्हतं. नाही रंगवली, तर त्या वचनाचं काय, आणि वरातवाली बाई म्हणून माझं तरी काय उरलं, हा विचार मात्र पक्का होता.

कामाला लागले. सकाळी आधी गरम पाण्याच्या टोपात दोन्ही हात बुडवून बसायचं. चहा ह्यांनी करायचा. हे म्हणजे माझे यजमान, निवृत्त मास्तर, त्यांच्या चहात साखर कधी विरघळलेली नसते. नऊनंतर बोटं माझं ऐकू लागतात. पण कुंचल्याची दांडी बारीक, ती चिमटीत धरली की अंगठ्यात कळ यायची. म्हणून एका मोठ्या बटाट्यात कुंचला खोचला आणि बटाटा मुठीत धरून रंगवायला लागले. हे स्वयंपाकघराच्या दारात उभे राहून बघत होते.

"आज भाजी रंगीत दिसतेय."

"तुमच्या चहापेक्षा बरी लागेल."

बटाटा चार दिवसांत सुरकुतला, पाचव्या दिवशी वास मारू लागला. मग पाडेल्याने नारळाच्या सोडणाचा, वरच्या काथ्याच्या सालीचा, मुठीएवढा गोळा कापून दिला, त्यात कुंचला घट्ट बसला. नारळ त्याच सरळ माडाचा. इतक्या वर्षांनी का होईना, मेल्याने थोडी परतफेड केली.

आता चूक सांगते. शनिवारी गोळी घेतली की रविवारी मला मळमळतं, अंगातलं बळ जातं, आणि तो दिवस बाजेवर जातो. लग्नाला पाच आठवडे. म्हणजे पाच रविवार फुकट. मी म्हटलं, तीन शनिवार गोळी चुकवली तर कोणाला कळणार आहे? लग्न झालं की घेईन की! वाक्य मनात उमटलं तेव्हाच आवाज ओळखीचा वाटायला हवा होता. कमरेवर हात ठेवून बोलणारी तीच ती.

पण या वेळी मी हुशार. गोळ्या आळ्यात पुरल्या नाहीत. हे दर आठवड्याला पाकिटातून गोळी गेली की नाही ते बघतात, म्हणून दर शनिवारी गोळी काढायची आणि पानाच्या डब्यात लवंगांच्या खणात ठेवून द्यायची. पहिले दोन आठवडे झकास गेले. भटजी झाले, अर्ध्या करवल्या झाल्या. तिसऱ्या आठवड्यात सोमवारी सकाळी उठले तर दोन्ही मनगटं पावासारखी फुगलेली. टोपातल्या पाण्यात तासभर बसले. बोटं हलेनात. चहाचा कप ह्यांनी माझ्या तोंडाशी धरला. त्या दिवशी साखर विरघळली आहे की नाही, हे माझ्या लक्षातही आलं नाही.

दुपारी जेवण झाल्यावर ह्यांनी पानाचा डबा उघडला. हे लवंग कधी घेत नाहीत. त्या दिवशीच दाढ दुखायची होती!

"अगं," हे म्हणाले, "ही पिवळी लवंग कुठल्या झाडाची?"

मास्तरांनी तीन गोळ्या ताटलीत ओळीने मांडल्या, पाटीवर अंक मांडावेत तशा. रागावले असते तर बरं झालं असतं. नुसतं म्हणाले, "मला वाटलं होतं, ती बाई गेली आपल्या घरातून."

"मलाही तसंच वाटलं होतं," मी म्हटलं, आणि माझ्या डोळ्यांत पाणी आलं. दुखण्याचं नव्हतं. नवरीला अजून तोंड नव्हतं, त्याचं होतं.

दुसऱ्या दिवशी दिघीला फेरीबोटीत गाडी चढवून आगरदांड्याला उतरलो आणि अलिबागला डॉक्टरांकडे गेलो. डॉक्टरीण माझ्या नातीपेक्षा जेमतेम पाच वर्षांनी मोठी असेल. मी सरळ विचारलं, "आता राहिलेल्या तिन्ही एकदम घेऊ का?"

"आजी, अजिबात नाही!" ती खुर्चीतून उठलीच. "चुकलेली गोळी भरून काढायची नसते. आणि मळमळतं हे मला आधी का नाही सांगितलंत?"

"तुम्ही विचारलं नाहीत."

"दर वेळी विचारते. दर वेळी तुम्ही सांगता, छान आहे."

हे शेजारी बसून इतक्या जोरात मान हलवत होते की मला लाज वाटली. रक्ताची तपासणी झाली. तिने गोळीची वेळ बदलून रात्रीच्या जेवणानंतरची केली, जोडीला मळमळ कमी व्हायची दुसरी गोळी दिली, सूज उतरायला काही दिवसांचं औषध दिलं. निघताना म्हणाली, "लग्नात नातीला आजी हवी आहे की सुपाऱ्या?" मी म्हटलं, "दोन्ही." ती म्हणाली, "मग कामं वाटून द्या."

कामं वाटून द्या. इतकी वर्षं औषधं घेतली, हे औषध कडू लागलं.

नातीला फोन करून सगळं सांगितलं, डब्यातल्या गोळ्यांसकट. ती आधी खूप ओरडली. शनिवारी सकाळी बॅग घेऊन दारात. ओटीवर फतकल मारून बसली, सात वर्षांची असताना बसायची तशीच, आणि म्हणाली, "चल. वाजंत्री कोण रंगवणार?"

"तुझे आजोबा."

"मी?" हे दचकले. "मला फळ्यावर लिहिता येतं. डोळे काढता येत नाहीत."

"फळ्यावर लिहिता तसेच काढा. मोठे."

तसेच काढले त्यांनी. सगळे वाजंत्री भुतं बघितल्यासारखे दचकलेले. नातीने काढलेला सनईवाला पेंगत होता. माझा हात दोनदा ओल्या फडक्याकडे गेला. दोनदा मी तो मांडीखाली दाबून ठेवला. मग उठले आणि धाकट्या जावेला फोन लावला, ती हल्ली म्हसळ्याला लेकाकडे असते. म्हटलं, "उरलेल्या करवल्यांचे डोळे राहिलेत. येतेस?"

ती म्हणाली, "पुसणार नाहीस ना?"

"हातात जोरच नाही, पुसू कशाने?"

"तर मग येते," ती म्हणाली, आणि आली ती रविवारी सकाळच्या एसटीने, स्वतःचा कुंचला घेऊन.

आदल्या रात्री गोळी घेऊनही त्याच रविवारी मी उठून बसले होते. थोडं गरगरत होतं, पण बसले होते.

नवरी मी ठेवून दिली होती. सूज उतरायला आठ दिवस लागले. लग्नाच्या आधीच्या गुरुवारी हात टोपातून काढले, पुसले, सोडणाचा गोळा मुठीत धरला. डोळे आले. ओठ आले. डावी भुवई आली. उजव्या भुवईला बोट जरा सटकलं आणि ती वर गेली, गेलीच. नवरी एक भुवई उडवून कोणाला तरी 'बघू हं' म्हणत असल्यासारखी दिसायला लागली.

चाळिशीतल्या बाईने सुपारी फेकून दुसरी घेतली असती. मी ती नातीपुढे धरली.

"अय्या, ही तर मी!" ती म्हणाली, आणि अगदी तशीच भुवई उडवली. मग मला कळलं, तिची ती भुवई मी लहानपणापासून बघत होते.

लग्नात रुखवतापुढे गर्दी झाली. दचकलेल्या वाजंत्र्यांचे फोटो सगळ्यांत जास्त निघाले, त्यामुळे हे दिवसभर फेट्यात ताठ फिरत होते. गर्दी पांगल्यावर नवऱ्या मुलाची आजी वरातीपाशी एकटीच उभी दिसली. तिने नवरीची सुपारी हळूच उचलली. अंगठा आणि दोन बोटांत नाही, दोन्ही तळव्यांमध्ये धरून. मी तिची बोटं बघितली. तिने माझी बघितली.

"कुठला वार?" तिने हळूच विचारलं.

"शनिवार. तुमचा?"

"बुधवार." मग जरा घुटमळून म्हणाली, "मधे मी सोडली होती. कोणाला सांगू नका."

"कुठे टाकलीत?"

"तुळशीत."

"तुळस कशी आहे?"

"काय सांगू विहीणबाई," ती म्हणाली, "माझ्याएवढी झालीय."

आम्ही दोघी इतक्या हसलो की भटजी मागे वळून बघायला लागले, खरेसुद्धा आणि मला वाटतं सुपारीचेसुद्धा. पुढच्या महिन्यात ती चार दिवस राहायला येणार आहे. तिच्या धाकट्या नातीचं लग्न ठरलंय, आणि तिला सोडणाचा कुंचला करून हवाय. मी पाडेल्याला निरोप पाठवला आहे, नारळ त्याच माडाचा पाहिजे म्हणून.