तांदळाच्या दाण्याएवढी वाट

प्रयोगशाळेत नवी होते, तेव्हा मला सुलभाताईंच्या शेजारी बसवलं होतं. प्रचंड वेगाच्या टकरींतून उडालेल्या कणांच्या रेघा फोटोच्या काचांवर उमटत आणि ताई त्या सूक्ष्मदर्शकातून तपासत. चार्म नावाचे कण त्यात किती जन्मतात, हे आम्हाला मोजायचं होतं. हा कण तांदळाच्या दाण्याएवढंही अंतर जात नाही. तेवढ्यातच फुटतो आणि त्याच्या रेघेला फाटे फुटतात.

एका दुपारी मी आनंदाने ओरडले, “ताई, सापडला!”

त्यांनी बराच वेळ पाहिलं. “नाही गं. दोन रेघा काचेवरच्या थरात खालीवर आहेत, म्हणून वरून चिकटल्यासारख्या दिसतात. हा नाही धरायचा.”

माझा चेहरा पडला. पुढे कित्येक दिवस नुसत्या सरळ रेघा बघत राहिले. डोळे मिटले तरी त्या पावसासारख्या तिरप्या पडत राहायच्या.

मग एका सकाळी ताईंनी मला खुणेने बोलावलं आणि स्वतःच्या खुर्चीत बसवलं. भिंगाखाली एक इवलीशी रेघ होती आणि तिच्या टोकाला तीन फाटे. तो कण केव्हाच संपला होता. त्याचं चालणं तेवढं काचेत राहिलं होतं. मला उगीचच भरून आलं. ताईंची जागा अडवलीय असं वाटून मी उठू लागले.

“बस,” त्या हळूच म्हणाल्या, “बघ सावकाश. घाई नाही.”