साचेखात्यापुढचं पद

माझ्या वडिलांनी मला संगीत नाटकात काम करायची परवानगी दिली ती एका प्रयोगापुरती. "लालबागला करून ये," ते म्हणाले. "लोक उठून गेले की तुझं तुलाच कळेल. मग गाणं बंद, आणि निमूट टायपिंगचा क्लास लाव." वडील दिवसा कचेरीत कारकून आणि संध्याकाळी गिरगावातल्या आमच्या हौशी नाटक मंडळात ऑर्गन वाजवायचे. गाण्यावर स्वतः जीव टाकणारा माणूस, पण पोटच्या मुलीनं तोंडाला रंग लावायचा म्हटलं की त्यांच्या कपाळाला आठी. मी एकोणीस वर्षांची होते आणि गाण्यावाचून मला दुसरं काही धड येत नव्हतं. भाकरीसुद्धा नाही.

लालबागच का, तर ते दिवस संयुक्त महाराष्ट्राचे. शिवाजी पार्कच्या सभांना गिरगाव आणि गिरणगाव मांडीला मांडी लावून बसत होतं. तिथूनच आमच्या मंडळातल्या थोरांच्या डोक्यात आलं की आपली जुनी संगीत नाटकं कामगारांपर्यंत न्यायला हवीत. न्यायची म्हणजे कशी, यावर आमच्या चाळीच्या गॅलरीत तीन बैठका झाल्या. डफावर शाहीर ऐकणाऱ्यांना रागदारी कशी झेपायची, ही चिंता सगळ्यात जास्त त्यांना, ज्यांना स्वतःला भूप आणि देसकार वेगळे ओळखता येत नव्हते. शेवटी पदं निम्मी कापली, उरलेल्यांच्या ताना छाटल्या. माझ्या वाट्याला चार पदं राहिली, तीही बोडकी.

मला शिकवणाऱ्या बुवांनी एका गोष्टीला मात्र हात लावू दिला नाही. गाताना तोंड वेडंवाकडं होता कामा नये, हा त्यांचा धर्म. त्यासाठी लहानपणापासून त्यांनी मला आरशासमोर बसवून गायला लावलं होतं. ओठ जेमतेम विलग करायचे, मान किंचित खाली. घरंदाज मुलीचं गाणं असंच दिसतं, असं वडिलांचंही मत होतं. त्यांचं माझं या एका बाबतीत कधी वाजलं नाही.

प्रयोग रविवारी दुपारी चारला होता, गिरणीला सुट्टी असते म्हणून. चाळींच्या मधल्या मैदानात मांडव घातला होता आणि तो पार भरला होता. ऑर्गन रंगमंचाच्या पायथ्याशी ठेवलेला, त्यामुळे वडिलांची पाठ लोकांकडे आणि तोंड माझ्याकडे. पहिलं पद मी अगदी बेतानं, शिकवल्याप्रमाणे म्हटलं. दुसऱ्या ओळीलाच कुजबुज सुरू झाली. पुढच्या रांगांतले पुरुष माना पुढे काढून बघत होते, एकमेकांना हातानं काहीतरी विचारत होते. दुसऱ्या पदाला दोघंतिघं उठून गेले. वडिलांनी माझ्याकडे पाहिलं. त्या नजरेत राग असता तर मी सोसला असता, पण तिथे सुटल्याचा भाव होता. तो मला फार लागला.

मध्यंतरात आम्ही तळमजल्यावरच्या एका बिऱ्हाडात बसलो. त्या घरची बाई गिरणीत वाइंडिंगला, म्हणजे सूत गुंडाळायच्या खात्यात होती. तिनं माझ्या हातात चहाचा कप दिला आणि समोरच बसली.

"बाय, आवाज बरो आसा तुझो," ती म्हणाली. "पण तोंड मिटून कित्याक गातंस?"

मी आरसा, शिस्त वगैरे सांगायला लागले. तिला हसूच आलं.

"माझो घोव साचेखात्यात, कापड विणता. थय मागांच्या खडखडाटात कोणाचा काय ऐकू येता? सगळे ओठ बघून बोलतत. वर्सांनी कान पण जातत. फुडे बसलेत ते सगळे साचेवालेच. सूर पोचता त्यांका, शबुद पोचत नाय. तुझे ओठच हलनत नाय."

मी कप खाली ठेवला. तीन बैठका घालून आम्ही रागांवर कात्री चालवली होती आणि कमी पडत होतं ते माझं तोंड. आधी लाज वाटली, मग मंडळाचा राग आला, मग माझाच. बुवा दारात उभे होते, त्यांनी सगळं ऐकलं होतं.

"बुवा, मी तोंड उघडून गाणार आहे."

"वाईट दिसेल."

"दिसू दे."

बुवांना उलटून बोलायची ती माझी पहिली खेप. त्यांनी उपरणं झटकलं आणि ते विंगेत जाऊन बसले.

दुसऱ्या अंकात मी रंगमंचाच्या अगदी कडेला आले. पदाची ओळ आधी बोलल्यासारखी सांगितली, मग मान वर करून, तोंड उघडून गायले. कुजबुज थांबली. पुढच्या रांगेतला एक पिकल्या मिशांचा माणूस माझ्याकडे टक लावून बघत होता आणि त्याचे ओठ माझ्यामागोमाग हलत होते. मग शेजारच्याचे, मग रांगच्या रांग. कापून टाकलेली तान माझ्या नकळत गळ्यातून निघून गेली. वडील दचकले, पण बोटांनी मला गाठलं.

पद संपलं. गिरगावात अशा वेळी 'वन्स मोअर'चा गलका होतो. इथे कुणी हूं की चूं केलं नाही. क्षणभर मी पुन्हा खचले. मग दिसलं, पुढच्या रांगांतले हात वर गेले होते आणि ओठ म्हणत होते, परत, परत. जन्मभर खडखडाटात बोललेली माणसं, ओरडायचं त्यांच्या ध्यानातच आलं नसावं.

वन्स मोअर घ्यायचा नाही, प्रयोग लवकर आटपायचा, असं वडिलांनीच बजावलं होतं. मी त्यांच्याकडे पाहिलं. त्यांना हात दिसले नव्हते, ओठ दिसले नव्हते. त्यांच्या पाठीमागे नुसती शांतता होती. तरी त्यांनी पायाखालचे भाते दाबले, माझ्याकडे बघून मान हलवली आणि त्याच पदाचा पहिला सूर पुन्हा धरला.

तो वन्स मोअर त्यांचा एकट्याचा होता. टायपिंगचा क्लास गेला, हे मला त्या सुरातच कळलं. इतकं हायसं वाटलं की पदाची पहिली ओळच मला आठवेना. ती मी पुढच्या रांगेच्या ओठांवरून वाचून घेतली.