कोळणीने सुधारलेला उखाणा

हायकू आणि चारोळ्या एसेमेसवरून मित्रांच्या माथी मारून झाल्यावर, लग्नाच्या पंचविसाव्या वाढदिवसाला मी उखाण्याकडे वळलो. संध्याकाळी तो सासरच्या मंडळींसमोर घ्यायचा होता. म्हणून सकाळी पनवेलच्या मासळी बाजारात, जिचं नाव मी कधीच विचारलं नाही त्या कोळणीसमोर, हातवारे करत तालीम केली. चंद्र, चांदणी आणि शेवटी बायकोचं नाव!

सुरमई कापता कापता तिने नाक मुरडलं. “यात तुजी बायको कुठं हाय? चांदनी काय, कोनालाबी चालंल. ती मासली कशी खाते?”

“मधल्या तुकड्या मला वाढते. स्वतः शेपटी घेते.”

तिचे हात विळीवर थांबले. “मंग तेच बोल ना, येड्या!”

संध्याकाळी तेच बोललो. सगळे हसले. माझी एकही चारोळी शेवटपर्यंत न ऐकलेली बायको मात्र हळूच म्हणाली, “परत म्हणा.”